दहा गुंठ्यांची मिशी

बुधाजी घरतांनी मुलाच्या साखरपुड्यात मिशी पणाला लावली, आणि तीही जेवणं उरकल्यावर. त्यामुळे भुकेच्या झटक्यात बोललो, असं म्हणायचीही सोय राहिली नाही.

झालं असं, की निकेत उरणजवळचा आणि मृणाली अलिबागकडची. मृणालीचे वडील रतनशेठ ठाकूर विडा तोंडात सारता सारता सहज म्हणाले, "लग्न आमच्याच प्लॉटवर. वीस गुंठं, चौकोनी. सहाशेसाठ बाय सहाशेसाठ." सहज म्हणजे मांडवाबाहेर चपला राखणाऱ्यालाही ऐकू जाईल इतकं सहज. आता जमिनीच्या बाबतीत उरणकडचा माणूस गप्प ऐकून घेतो होय?

"आमची हळद आमच्या दहा गुंठ्यांत," बुधाजी म्हणाले. "तो पण चौकोनी. तीनशेतीस बाय तीनशेतीस. अख्खा गाव एका पंगतीत बसवीन. न्हाय बसला तर ही मिशी उतरवीन."

"मग आमचं वऱ्हाड एका पंगतीत न्हाय बसलं तर ही पण गेली," रतनशेठनी आपल्या मिशीवर बोट ठेवलं. पुरुषांनी माना डोलावल्या. बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि पानाचं तबक आत नेलं.

हिशेबात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. या पट्ट्यात जमिनीचे एवढे व्यवहार झालेत, की पोरांना पाढ्यांआधी हे पाठ असतं, गुंठा म्हणजे तेहेतीस बाय तेहेतीस फूट. एक गुंठा तेहेतीस, तर दहा गुंठे तीनशेतीस. निकेत बंदरात क्रेन चालवतो, शिकलेला आहे, त्यानं मोबाईलवर गुणाकार करून पाहिला. मोबाईलही तेच म्हणाला.

हळदीला आठवडा राहिला तेव्हा मंडपवाला हितेश टेप, दोरी आणि खुंट्या घेऊन आला. बुधाजी कोपऱ्यातल्या शेवग्याखाली खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "तीनशेतीस ताण."

हितेश ताणत गेला. एकशेचार फुटांवर शेजारच्या सदूचा बांध आला.

"शेठ, प्लॉट संपला."

"संपल कसा? चल पुढं."

हितेशला काय, मांडव फुटावर ठरलेला. तो बांध चढून सदूच्या वालात उतरला, वाल तुडवत सदूच्या न्हाणीत एका दारानं शिरला, खिडकीतून टेप बाहेर काढला आणि तीनशेतीस भरल्यावर पलीकडच्या शेणखताच्या खड्ड्याशी त्यानं खुंटी ठोकली. दुसऱ्या बाजूला तर कमाल झाली. दोरी रस्ता ओलांडून रचनाच्या ब्युटी पार्लरच्या पायरीवरून गेली, गावदेवीच्या ओट्याचा कोपरा घेतला आणि उरलेले फूट खाडीच्या चिखलात मोजावे लागले. तिथे हितेशची एक चप्पल गेली ती गेलीच.

सदूची बायको मनुबाई बादली घेऊन न्हाणीत शिरली आणि गळ्याशी दोरी लागून मागे आली. मग सदू आला.

"बुधाजी, माजी न्हाणी तुज्या मांडवात कवा आली?"

"तुजी न्हाणी माज्या प्लॉटात कवा आली, ते तू सांग."

इथपर्यंत नुसता मूर्खपणा होता. पण बुधाजींचं डोकं एकदा चालायला लागलं की थांबत नाही. हिशेब बरोबर, टेप बरोबर, मग जमीन कमी का? म्हणजे कुणीतरी खाल्ली. सदूनं इकडून, रचनानं तिकडून, आणि देवीचा ओटा बांधताना पंचांनीही हात मारलेला दिसतोय. "दोनशे सव्वीस फूट खाल्लं माजं," त्यांनी चारचौघांत सांगितलं. "हळद झाली की सरकारी मोजणी आणतो. एकेकाला बाहेर काढतो."

संध्याकाळपर्यंत निम्म्या गावाला आपलं काही ना काही बुधाजींच्या प्लॉटात सापडलं. रचना पार्लर बंद करून आली. "काका, हळदीला तुमच्या घरच्या बायकांचा मेकअप माज्याकडं हाय. आता तुमच्याच जागेत बसून करायचा, तर आधी तुमची परवानगी काढू का?" डीजेवाला प्रज्योत सदूचा पुतण्या निघाला. त्यानं उतरवलेले भोंगे पुन्हा टेम्पोत चढवले. देवळात बैठक बसली आणि ठरलं, की बुधाजीच्या हळदीला गावातलं कुत्रंही जाणार नाही. मटण असूनही असं ठरलं, यावरून प्रकरण किती पेटलं होतं ते समजावं.

"पप्पा, एक बरं झालं," निकेत म्हणाला. "आता एका पंगतीत सगळी बसतील. तुमी, मी न् मम्मी."

बुधाजींना हसू आलं नाही. एकुलत्या एका पोराची हळद, आणि अंगाला लावायला शेजारची एक बाई यायची नाही. पण हिशेब बरोबर असताना माघार तरी कशी घ्यायची?

त्यांची बायको सखुबाई जमिनीवर बसून उरलेल्या लग्नपत्रिकांना दोरे बांधत होती. पत्रिका चौकोनी, आतल्या मजकुरापेक्षा सोनेरी वेलबुट्टी जास्त.

"अवो, ही एक पत्रिका म्हंजे एक गुंठा धरा," ती म्हणाली. "तेहेतीस बाय तेहेतीस. आता तुमचा प्लॉट मांडा."

बुधाजींनी भिंतीलगत दहा पत्रिका ओळीनं लावल्या. मग त्याच कोपऱ्यापासून खाली दहा होईपर्यंत लावत गेले. "ह्ये बघ. तीनशेतीस न् तीनशेतीस."

"मोजा किती लागल्या."

"एकोणीस."

"तुमच्याकडं हायत दहा. न् मधला सगळा भाग तर उघडाच हाय, तो काय समुद्र हाय?"

बुधाजी मधला भाग भरायला लागले. पत्रिका संपल्या तरी मधला भाग संपेना. सखुबाईनं सगळं गोळा केलं, मोजून दहा घेतल्या, तीन-तीनच्या तीन ओळी लावल्या. एक हातात उरली. "हा तुमचा प्लॉट. ही उरलेली कातरून कडंनं लावा. तीन तेहेतीस नव्याण्णव, न् वर थोडं. हितेश कितीला थांबला व्हता?"

"एकशेचार," बुधाजी म्हणाले. "तुला कवा कळलं?"

"साखरपुड्यातच. तो प्लॉट रोज झाडतं कोण? एवढा मोठा असता तर माजी कंबर राहिली असती?"

"मग बोलली न्हाईस?"

"तुमी दोघं मिशीला हात लावून बसला व्हता. त्यात मी कुठं घुसू?"

दुसऱ्या दिवशी बुधाजी दारोदार फिरले. सदूनं पुरेपूर मजा घेतली. "न्हाणी कुणाची?" "तुजी." "जरा मोठ्यानं. मनु आत हाय." बुधाजींनी मोठ्यानं सांगितलं, वाल नवे लावून द्यायचं कबूल केलं, रचनाच्या पायरीवरची खुंटी स्वतः उपटली. गावानंही फार ताणलं नाही, कारण मटणावर बहिष्कार घालणं त्यांनाही जड जात होतंच. शेवटी सदूनंच ठरवून टाकलं, की एकशेचार फुटांत एक पंगत होत नाही, तीन पंगती करायच्या.

म्हणजे हळद वाचली आणि मिशी गेली. बुधाजींनी ओटीवर आरसा टेकवला, वस्तरा धुतला, मिशीला साबण लावला. तीस वर्षं सांभाळलेली वस्तू, हात उचलेना. तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि रतनशेठ उतरले, तोंडाला रुमाल लावून. बुधाजींनी घाईनं पंच्यानं फेस पुसला, आरसा न् साबण आत ढकलला.

रतनशेठनी बसून पाणी घेतलं. पाण्यासाठी रुमाल काढावा लागला. वरचा ओठ सोललेल्या लसणीसारखा गोरापान होता.

"कालच उतरवली," ते म्हणाले. "मंडपवाला मोजत गेला तो सुरूच्या झाडांतून थेट भरतीच्या पाण्यात. सहाशेसाठ कसलं, दीडशे पण भरत न्हाय. शब्द म्हंजे शब्द." मग त्यांची नजर बुधाजींच्या ओलसर मिशीवर गेली आणि तिथेच राहिली. "तुमची हाय म्हंजे तुमचं बरोबर बसलं."

आतून सखुबाई खोकली. खरं सांगायला बुधाजींना हीच जागा होती. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं.

"बसलं की," ते म्हणाले. "तीनशेतीस. वर दोन-चार बोटं जास्तच."

रतनशेठनी मोठा श्वास सोडला. "लय उपकार झाले, व्याही. मला खात्री व्हतीच, म्हणून येताना गाडीतूनच सगळ्यांना फोन केले. लग्न आता तुमच्याच प्लॉटवर. वऱ्हाड तीन हजार हाय. बसवा एका पंगतीत, म्हंजे माजा शब्द पण राहील."

निकेतनं वडिलांकडे बघितलं, मग शेवग्यापासून सदूच्या बांधापर्यंत बघितलं, आणि तो उठून बाहेर गेला.

"चहा घ्या, व्याही. मी आलोच," असं म्हणून बुधाजी आत आले.

"सखू, साबण कुठं गेला?"

"तिथंच हाय," सखुबाई म्हणाली. "आरसा पण पुसून ठेवलाय."