पाठीचे माप

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे नामदेवअण्णा रोज सकाळी आपला आजार टेपने मोजत असत. मी दुधाची पिशवी घ्यायला उतरे, तेव्हा ते पायरीवर बसलेले असत. गळ्यात शिंप्याची पिवळी टेप, मांडीवर मापांची वही आणि कोपराच्या आतल्या घडीत उठलेल्या इसबाच्या चट्ट्यावर टेपचे टोक. "सव्वातीन," असे ते गंभीरपणे सांगत. आदल्या दिवशी साडेतीन भरलेले असे. पुढे पुढे मी त्यांना प्रकृती विचारणेच सोडले. 'आज किती?' एवढे पुरत असे.

अण्णांचे घराणे कित्येक पिढ्यांपूर्वी मराठी मुलखातून बंगळुरात आले. शिवाजीनगरात चाळीस वर्षे त्यांनी शर्ट-पँट शिवण्याचे दुकान चालवले आणि गुडघे कुरकुरू लागल्यावर ते बंद करून जयनगरातल्या या घरात आले. येताना पायाचे शिलाई यंत्र तेवढे सोबत आणले. मी निपाणीकडचा, नोकरीसाठी इथे आलेला. माझी मराठी त्यांना पेपरातल्यासारखी वाटे. त्यांचे प्रत्येक वाक्य 'स्वल्प थांबा, सर' पासून सुरू होई आणि कानडी 'सरी' वर, म्हणजे 'बरं' वर, संपे. एका गोष्टीचा मात्र त्यांना फार अभिमान होता. "माप एकदाच," ते म्हणत. "चाळीस वर्षांत कुणाला दुसऱ्यांदा टेप लावलो नाही."

त्यांची आणखी एक तऱ्हा आमच्या इमारतीत प्रसिद्ध होती. ते कुणाकडेही कॉफीला गेले, तरी स्वतःचा स्टीलचा पेला बरोबर नेत. त्या पेल्यासाठी त्यांनी चौकड्याच्या कापडाची, नाडीची, अगदी बेतशीर पिशवी शिवली होती. लोक हसत. मीही हसत असे, आणि ते मला आज आठवू नये असे वाटते; कारण त्या पिशवीचे मूळ एकट्या मला ठाऊक होते.

ते राहायला आले त्या पहिल्या महिन्यात आमच्याकडे आले होते. मी त्यांच्या मनगटावरचे लाल, खवल्यांचे चट्टे पाहिले आणि आत जाऊन पत्नीला हलकेच सांगितले की यांचा पेला वेगळा ठेव. इसब एकाचे दुसऱ्याला लागत नाही, हे मला माहीत नव्हते. विचारण्याचे कष्टही मी घेतले नाहीत. पत्नीने कडेला खूण केलेला एक पेला बाजूला काढला. दुसऱ्या खेपेस तोच पेला पुढे आला, तेव्हा अण्णांनी त्या खुणेवरून एकदा अंगठा फिरवला आणि कॉफी पिऊन ते शांतपणे गेले. तिसऱ्या खेपेस ते आले, ते पिशवी घेऊनच. त्यांनी कधी काही विचारले नाही, आणि मी कधी काही बोललो नाही.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी गेल्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. मूलबाळ नव्हते. त्यानंतर अण्णांनी अंगाची देखभाल सोडली आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून, चिठ्ठीशिवाय मिळालेले एक मलम वर्षभर मानेला चोळले. त्यात जोरकस स्टेरॉइड होते. खाज जाई आणि दुप्पट होऊन परते. मानेची कातडी इतकी पातळ झाली की आतल्या शिरा दिसू लागल्या. "मलमल झाली, सर," ते म्हणाले. "हात लावला तर फाटंल."

शेवटी ते त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी ते मलम बंद करवले आणि स्टेरॉइड नसलेले दुसरे लिहून दिले. सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवा, म्हणाल्या. मान, हात आणि पाठ यांत फरक पडला नाही, तर पोटात घ्यायच्या गोळ्यांचा विचार करावा लागेल आणि त्यासाठी वरचेवर रक्त तपासावे लागेल. अण्णांना सुईची सवय होती, पण ती कापडात जाणारी. या गोळ्यांची त्यांनी धास्ती घेतली.

मलमासोबतचा कागद इंग्रजीत होता. तो वाचून दाखवण्यासाठी त्यांनी मला बोलावले. मी एकेक सूचना मराठीत सांगत गेलो आणि ते तिला शिंप्याच्या भाषेत बसवत गेले. अंग कोरडे करून, चट्ट्यापुरताच, पातळ थर द्यावा. "म्हणजे अस्तर, सर. रजई नाही." डोळ्यांत, तोंडात जाऊ देऊ नये. उन्हात बसू नये. आपले मलम दुसऱ्याला देऊ नये. पू किंवा पाणी आले, ताप आला, तर डॉक्टरांना कळवावे. लावून झाल्यावर हात धुवावेत. सुरुवातीचे काही दिवस आग होईल, ती बहुधा आपोआप कमी होते.

आग झालीच. त्या आठवड्यात संध्याकाळी खालून शिलाई यंत्राचा आवाज येई. अण्णांना काम मिळाले, म्हणून आम्हाला बरे वाटले. मी डोकावलो तर यंत्रात ना दोरा, ना कापड. आग शमेपर्यंत ते नुसते पाय मारत होते. "हात मोकळा राहिला तर खाजवतो," त्यांनी खुलासा केला. "म्हणून पायाला कामाला लावलो."

मलमाने शर्ट खराब होऊ नये, म्हणून त्यांनी रेनकोटच्या कापडाची घट्ट बाही शिवून हातावर चढवली. मी बाईंना फोन लावला. अशा हवाबंद कापडाने मलम झाकायचे नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. अण्णांनी बाही उतरवली, पण फेकली नाही. पुढल्या भेटीत ती बाईंना दाखवायची होती. शिलाई तरी बघू देत, म्हणाले.

चौथ्या आठवड्यात मी प्रथमच त्यांची वही नीट पाहिली. मान, उजवा हात, डावा हात आणि पाठ असे चार रकाने आखले होते. पहिल्या तिहींत आकडे रोज उतरत गेलेले. पाठीचा रकाना पहिल्या दिवसापासून कोरा होता.

"पाठ राहिली की, अण्णा."

"स्वतःच्या पाठीचं माप कुठला शिंपी घेणार, सर?"

मग त्यांनी कोपऱ्यातली लाकडी मोजपट्टी दाखवली. तिच्या टोकाला कापसाचा बोळा बांधला होता. तिने ते पाठीला मलम लावत. एका जागी थापले जाई, दुसऱ्या जागी पोचतच नसे. पूर्वी अक्का लावत असत. पाठ अंथरुणाला टेकवत नसे, म्हणून कित्येक दिवस ते खुर्चीत बसूनच झोपत होते. सहा आठवडे भरायला दोन उरले होते आणि गोळ्यांची भीती त्या कोऱ्या रकान्यात होती.

एका जिन्याचे अंतर होते. त्यांनी हाक का मारली नाही, असे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. माझ्या घरातला तो खुणेचा पेला मला दिसत होता.

"सदरा काढा," मी म्हणालो.

त्यांनी एकेक बटण सावकाश काढले, सदऱ्याची घडी घातली. मग पाठमोरे बसले. दोन्ही खांद्यांच्या मधोमध चट्टा होता. मी टेप लावली. साडेपाच इंच भरले. त्यांनी आकडा लिहिला. मी बोटाने पातळ थर देऊ लागलो, तेव्हा त्यांचे खांदे प्रथम आक्रसले आणि मग हळूहळू खाली आले. चाळीस वर्षे ज्यांनी दुसऱ्यांच्या खांद्यांवर हात ठेवून पोट भरले, त्यांच्या खांद्याला चार वर्षांत कुणी हात लावला नव्हता.

लावून झाल्यावर मी तसाच उभा राहिलो. समोर साबण होता. हात धुणे मला जमेना.

"धुवा, सर," ते वळून न पाहता म्हणाले. "कागदात आहे. ते औषधासाठी आहे, माझ्यासाठी नाही."

मी हात धुतले. क्षमा मागायची होती. नळाच्या आवाजात मागितली. त्यांनी ऐकली की नाही, हे मला अजून माहीत नाही.

त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ मी खाली जाऊ लागलो. पावणेपाच, चार, तीन. सहाव्या आठवड्यात बाईंनी पाठ पाहिली आणि गोळ्या नकोत, हेच चालू ठेवा, म्हणाल्या. बाहीच्या शिलाईचे त्यांनी कौतुक केले. आणखी काही आठवड्यांनी, एका रविवारी, मी पाठीवर टेप धरली आणि मोजायला काही सापडेना. कातडी स्वच्छ होती.

"अण्णा, चट्टा गेला. माप नाही."

त्यांनी वही उघडली, पेन टेकवले, पण शून्य लिहिले नाही. अंगणात कुणीतरी नारळाच्या झावळ्या ओढत होते. तो आवाज दूर गेल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावले.

"स्वल्प थांबा, सर," ते म्हणाले. "परत एकदा घ्या."

मी टेप पुन्हा लावली.