मेहुण्याच्या पेट्या आणि माझा कान

निवृत्त माणसाने मेहुण्याच्या धंद्यात पडू नये. बायकोच्या धाकट्या भावाने गिटारचे अँप्लिफायर बनवायला घेतले आणि ‘भाऊजी, टेस्टिंगला तुमच्यासारखा काटेकोर माणूस हवा,’ असं म्हणाला. मी (स्तुतीला बळी पडायची आमची खानदानी सवय) हो म्हणून बसलो.

काम सोपं. आवाज पूर्ण वाढवायचा, गिटारची सगळ्यात जाड तार छेडायची आणि अँप्लिफायरच्या पेटीत काही खडखडतंय का ते ऐकायचं. नुसत्या कानाने ऐकणारे पुष्कळ असतात. मी पेटीवर हनुवटी टेकवून ऐकतो. पहिल्याच पेटीत खडखड! मी लाल ‘नापास’ स्टिकर चिकटवलं आणि कारणाच्या रकान्यात ‘खडखड’ लिहिलं. दुसरीलाही तेच, तिसरीलाही तेच. अख्खा लॉट लाल करून टाकला.

“भाऊजी, उद्या सकाळी गिऱ्हाईक येतंय. पहिलीच ऑर्डर आहे हो!” मेहुणा रडकुंडीला आला. “मला तर काहीच ऐकू येत नाही.”

“मग कान तपासून घे.”

त्याने स्क्रू आवळले, स्पीकर बदलले. खडखड तशीच. वर बायकोला फोन करून सांगतो काय, तर भाऊजींना भास होतात! भास? साहेबाच्या चुका साहेबाच्या तोंडावर काढल्या मी (आणि बढती घालवली), त्या मला भास? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक पेटी, गिटार आणि उरलेली स्टिकर्स उचलून मी सरळ घरी आणली, पेटी टीपॉयवर ठेवली आणि बायकोला साक्षीला बसवलं.

हनुवटी टेकवली, तार छेडली. खिडक्या हादरल्या. वरच्या मजल्यावरून कुणीतरी माझा उद्धार केला.

“ऐकलंस? खडखड!”

“मला नाही आली ऐकू.”

“घे, भावाचीच बाजू घे!”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. “अहो, जरा कवळी काढा आणि मग वाजवा.”

“कवळीचा इथे काय संबंध?”

“सैल झालीय, सैल झालीय म्हणून कधीची कानीकपाळी ओरडतेय. काढा आधी.”

केवळ तिचं तोंड बंद करावं म्हणून मी माझ्या तोंडातली कवळी काढून वाटीत ठेवली. पुन्हा तार छेडली. आवाज स्वच्छ आला. संतापजनक स्वच्छ.

मी तत्त्वाचा माणूस आहे. तिथल्या तिथे मेहुण्याला फोन लावून सांगितलं, “सगळ्या पेट्या पास. तू स्क्रू आवळलेस, त्याचा गुण आला बघ.” बायकोने सगळं ऐकलं आणि चक्क गप्प बसली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

सकाळी तोंड धुवायला गेलो, तर कवळीच्या वाटीवर लाल स्टिकर. नापास. कारणाच्या रकान्यात, बायकोच्या सुवाच्य अक्षरात : ‘खडखड’.