लेझर बंद

मेश्राम काकांच्या स्कूटरला आमच्या रुआबांधा वस्तीत सायकली ओव्हरटेक करतात. एकदा म्हशीनेही केलं. काका अदबीने बाजूला झाले. "काका, कावून इतकं हळू?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "बाबू, जोरात धडकलं त निस्तं निघून जाते. हळू धडकलं त देणंघेणं होते."

हे ते अणूंबद्दल बोलत. काका आमचे शेजारी, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे. लेझरने अणू चेतवायचे, त्यांच्यावर संथ आयन सोडायचे आणि किती अणूंचा इलेक्ट्रॉन आयनाकडे गेला ते मोजायचं, हा त्यांचा पंधरा वर्षांचा उद्योग. काकू गेल्यापासून तर ते रविवारीही लॅबमध्येच.

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला. आमच्या घरी पाहुण्याला पाण्याआधी पत्रक मिळे. चौदा एप्रिलला विहारात मी पेटून भाषण केलं. काका म्हणाले, "टाळ्या मोजल्या म्या. तू उठाच्या आधी भी वाजून राहिल्या होत्या. त्या वजा कर, मंग उरते ते तुह्यं." आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही.

मग एका रविवारी त्यांना सभेला बोलवायला लॅबवर गेलो. दाराच्या काचेतून पाहिलं तर लेझरचा दिवा विझलेला, आणि काका रजिस्टरात आकडे लिहीत होते. लेझर बंद, आकडे चालू! पाच मिनिटं पाहत उभा राहिलो. दार वाजवलं नाही. घरी येऊन पत्रक लिहिलं: 'समाजाच्या बळावर शिकले, आता खोटे आकडे लिहितात!' खाली त्यांचं नाव. कॉलेजच्या गेटवर मीच चिकटवलं.

चौकशी बसली. लॅबची किल्ली काढून घेतली. तीन आठवडे काका रोज स्कूटरवर गेटपर्यंत जात आणि तिथूनच परत येत. मला वाटलं, सत्य जिंकलं.

चौकशीत काय निघालं ते बाबांनी ऐकवलं. लेझर बंद ठेवूनही मोजावंच लागतं. न चेतवलेल्या अणूंचे आकडे वेगळे घ्यायचे आणि एकूणातून वजा करायचे. ते केलं नाही, तर मोजणी खोटी. काकांना किल्ली परत मिळाली होती.

"टाळ्यांसारखं," बाबा म्हणाले. "कामावर, प्लांटमंदी पोरं मले विचारून राहिले, तुमचाच पोरगा का? आता जा. अन् हातात कागद नको नेऊ."

गेलो. काकांनी चहा ठेवला. मान वर होईना.

"काका, माझं चुकलं. मी दुसरं पत्रक काढतो, गेटवर लावतो."

"लाव. पण समितीले मी सांगतलं, पोरानं पाहिलं तेच लिवलं. लेझर बंदच होता." मग कप पुसता पुसता म्हणाले, "किती वेळ उभा होता तू तिथं?"

"पाच मिनिटं."

काकांनी कप खाली ठेवला. "पंधरा वर्सात माह्या प्रयोगापाशी पाच मिनिटं कोनी उभं नाई राहिलं, बाबू. तू त अर्धाच पाहिला. उद्या ये. लेझर चालू ठेवतो."

दुसऱ्या दिवशी गेलो. यंत्रापाशी दोन स्टुलं होती. एक कॉलेजचं. दुसरं काकांनी घरून आणलं होतं, काकूंचं, स्वयंपाकघरातलं. त्याच स्कूटरवर, त्याच वेगाने.