सासूबाईंचा अर्धवट राहिलेला खून

“ज्याच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही, ज्याच्या तर्कापुढे भलेभले गुन्हेगार गुडघे टेकतात आणि तरीही ज्याने आपली राहणी साधी ठेवली आहे, असा मी.” ही माझ्या नवऱ्याची स्वतःबद्दलची ओळख. ती त्यांनी स्वतःच लिहिली आणि चौकट करून बैठकीच्या खोलीत लावली. पोटापाण्यासाठी ते विमा कंपनीत टपालावर शिक्के मारतात. आजवर सोडवलेली प्रकरणं दोन. एक शेजाऱ्यांचं हरवलेलं मांजर, ते स्वतःहून परत आलं. दुसरं यांचाच चष्मा, तो मला यांच्याच कपाळावर सापडला. मुंगीचं मात्र खरं आहे. मुंगी सुटत नाही, बाकी सगळं सुटतं.

मी त्यांची सहायक. लग्न ठरवताना हे कोणी बोललं नव्हतं.

सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही म्हणून माझ्या नणंदेने त्यांना ई-रीडर हे पुस्तकं वाचायचं मशीन दिलं. नखाएवढ्या मेमरी कार्डावर वीसेक रहस्यकथाही भरून दिल्या. अक्षर हवं तेवढं मोठं होत असल्याने सासूबाई खूश होत्या. बुधवारी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि रविवारी त्या एका खुनाच्या दोनशे बाराव्या पानावर होत्या. दवाखान्यात आठ दिवस काढायचे, वाचायला कमी पडू नये, म्हणून त्यांनी मुलाला आणखी थोडी पुस्तकं भरायला सांगितली. चूक झाली ती इथे.

मशीन घेऊन हे आतल्या खोलीत गेले. दार लावून तासभर कॉम्प्युटरशी झटले आणि विजयी मुद्रेने बाहेर आले.

“बारा नवीन पुस्तकं, आई. मोजून घे.”

सासूबाईंनी मशीन चालू केलं. पुस्तकं शून्य. नवी तर नाहीतच, जुनीही गेलेली.

“कार्डाचं काही बिघडलं का?” मी विचारलं.

“कार्ड सुरक्षित आहे. हौशी माणसं नेहमी कार्डापासून सुरुवात करतात,” हे म्हणाले.

मी हौशी ठरले. नणंद प्रवासात होती, तिचा फोन लागेना.

दुपारी सासूबाई मला म्हणाल्या, “सूनबाई, तुला म्हणून सांगते, मला त्या ऑपरेशनची भीती वाटते. भूल दिल्यावर उठलेच नाही तर? खून कोणी केला हे न कळताच जायचं का मी?” त्या हसत होत्या, पण कपातला चहा तसाच गार झाला होता. मला त्यांचं वाईट वाटलं आणि यांचा संताप आला.

यांचा तपास सोमवारी सुरू झाला. पहिला संशय खुद्द आईवर. “आई फार भरभर वाचते. वाचून वाचून अक्षरं झिजली,” असं यांचं म्हणणं. सासूबाईंनी नुसतं पाहिलं, तेवढ्यावर तो संशय मागे घेण्यात आला.

मग शेजारच्या काकांची पाळी. त्यांनी मागच्या आठवड्यात आमचा चार्जर नेला होता.

“वायरीतून वीज आत जाते, तर पुस्तकं बाहेर का येणार नाहीत?” यांनी मला विचारलं. या प्रश्नाला उत्तर देण्याइतकी मी शिकलेली नाही. हे काकांकडे जाऊन त्यांचं कपाट तपासून आले. काकांनी चहा पाजला आणि जाताना तब्येतीची काळजी घ्यायला सांगितलं.

मंगळवारी यांना खरा साक्षात्कार झाला.

“पुस्तक गायब झाल्याचा फायदा कोणाला? आई दोनशे बाराव्या पानावर होती. आणखी थोडी पानं, की खुनी पकडला जाणार. म्हणजे पुस्तक कोणी पळवलं?”

“कोणी?”

“खुन्याने.”

“पुस्तकातल्या?”

“दुसरा कुठला खुनी आहे आपल्याकडे?”

त्या क्षणी एक तयार होण्याच्या बेतात होता, पण मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. यांनी आईकडून कथेतल्या सगळ्या माणसांची माहिती वहीत उतरवून घेतली. डॉक्टर, विधवा, पुतण्या, माळी. अर्धा तास येरझाऱ्या घातल्या आणि निकाल दिला. “माळी. माळ्याला अटक करा.”

“बरं,” सासूबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघायचं होतं.

तेवढ्यात लॉन्ड्रीवाला आला. इस्त्रीचे कपडे दिले आणि कागदाची एक छोटी पुडी माझ्या हातात ठेवली. “साहेबांच्या शर्टाच्या खिशात होतं. इस्त्रीआधी खिसे बघतो म्हणून वाचलं.”

पुडीत मेमरी कार्ड होतं.

“हे इथे कसं?” मी यांना विचारलं.

“मीच काढलं. पुस्तकं पोचवून झाली, कार्डाचं काम संपलं. सामान उतरवल्यावर हमालाला कोणी घरात ठेवून घेतं का?”

लॉन्ड्रीवाल्याने एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या चौकटीकडे.

“साहेब, तो हमाल नाही, ती ट्रंक आहे,” तो म्हणाला. “ट्रंकच उचलून नेलीत तर कपडे मागे कसे राहतील?”

मी कार्ड मशीनच्या फटीत सरकवलं. वीस जुनी, बारा नवी, आणि दोनशे बारावं पान जिथल्या तिथे. सासूबाई उठून बसल्या. जेवायच्या ताटावरही त्यांनी मशीन सोडलं नाही.

सकाळी दवाखान्यात स्ट्रेचरवर आडव्या होताना मात्र त्यांनी ते माझ्याकडे दिलं. “शेवटची अकरा पानं ठेवलीत. उठायला काहीतरी कारण हवं ना.” मग हळू आवाजात म्हणाल्या, “आणि तुझ्या नवऱ्याच्या हाती देऊ नकोस.”

दोन तास मी ते मशीन दोन्ही हातांनी धरून बसले. मलाही भीती वाटत होती. शेजारी बसून हे दवाखान्याच्या झाडूवाल्यावर संशय घेत होते.

संध्याकाळी सासूबाईंनी डोळे उघडले. पाणी मागितलं, मग चष्मा, मग मशीन. अकरा पानं सावकाश वाचली, चष्मा काढला आणि मुलाकडे पाहिलं.

“माळी नव्हता.”

“मग पुराव्यात कोणीतरी फेरफार केलाय,” हे म्हणाले आणि त्यांनी खिशातून वही काढली.