बारावं झुरळ

माझं शिक्षण नववीपर्यंत. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर वाचणाऱ्यांनी मनातल्या मनात सुधारून घ्यावं, आणि मोठे शब्द मला येत नाहीत, तेव्हा लहान शब्दांवरच भागवून घ्यावं. (मी शाळा सोडली असं घरचे सांगतात. खरं म्हणजे मास्तर एकदा रागाच्या भरात म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस," आणि मला कुणाला नाही म्हणता येत नाही.)

मी घरी बसून जाहिरातींना संगीत देतो. म्हणजे मी देतो. घेणारे अजून फारसे झालेले नाहीत. पहिले घेणारे म्हणजे आमच्या गल्लीतले फवारेकाका. घराघरांत जाऊन झुरळं, ढेकूण, वाळवी यांवर औषध फवारणं हा त्यांचा धंदा. त्यांनी दोन मिनिटांची फिल्म करायला घेतली आणि तिचं संगीत मला दिलं. त्यात एक दृश्य होतं, औषध मारल्यानंतरचं चकचकीत स्वयंपाकघर. तसं स्वयंपाकघर आमच्या वहिनींचं. त्यांनी मोठ्या मनाने परवानगी दिली आणि शूटिंगच्या दिवशी भांडी पुसून बाहेर गेल्या.

त्यांची पाठ वळताच फवारेकाकांनी खिशातून पिशवी काढली. आत डझनभर रबरी झुरळं.

"पाच मिनिटांचं काम आहे रे. औषधाच्या आधीचा सीनही इथेच उरकू. झुरळं चालवायची ती नंतर कॉम्प्युटरवर."

"पण वहिनी..."

"त्यांना कोण सांगतंय?"

मी म्हणालो, "बरं."

जाताना काकांनी झुरळं मोजली. अकराच भरली. "एक कुठेतरी राहिलं. सापडलं की आणून दे बाबा, बाराचा सेट आहे," असं तीनदा बजावून ते गेले. मी ते विसरून गेलो. ही पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट.

आता वहिनींचं सांगतो. गेले सहा महिने त्या एकाच गोष्टीमागे होत्या. जवळच्या दवाखान्यातल्या पस्तीस नर्सना दुपारच्या जेवणाचे डबे पुरवायचे. अर्ज झाले, खेटे झाले, नमुन्याचे डबे झाले. शेवटी दवाखान्याच्या मेट्रनबाई स्वतः स्वयंपाकघर बघायला येणार असं ठरलं. त्यांनी सही केली की काम पक्कं. दादा कामासाठी बाहेरगावी होता, म्हणून वहिनींनी चार दिवस एकट्याने घर घासलं. फ्रिजच्या मागची भिंतसुद्धा. मला वाटतं, ती भिंत बांधल्यापासून पहिल्यांदाच उजेडात आली.

बाई यायच्या त्याच दिवशी दुपारी माझ्या मनात आलं की फिल्म उद्या सकाळी द्यायचीच आहे, तर एकदा हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर चित्र आणि संगीत जुळवून बघावं. एवढंच. माझा कॉम्प्युटर म्हातारा आहे. संगीत आणि चित्र दोन्ही एकदम चालवायला सांगितलं की त्याला धाप लागते. म्हणून संगीत त्याच्यावर, चित्र दादाच्या लॅपटॉपवर, लॅपटॉप टीव्हीला जोडलेला, आणि दोघांच्यामध्ये एक वायर. या वायरीतून मिडी टाइमकोड नावाची गोष्ट जाते. म्हणजे एक यंत्र दुसऱ्याला सारखं सांगत राहतं, आता इतकी मिनिटं झाली, आता इतके सेकंद झाले, आणि दुसरं त्याप्रमाणे चित्र पुढे नेतं. एकाने सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं. संसारासारखंच. (माझं लग्न झालेलं नाही. दादाकडे बघून सांगतो.)

पहिला अर्धा तास काहीच घडलं नाही. मग कळलं की मी दोन्ही यंत्रांना ऐकायलाच बसवलं होतं. दारात दोन पाहुणे "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत उभे राहावेत, तशी दोघं एकमेकांकडे बघत बसली होती. मग मी दोघांनाही सांगायला लावलं. तर दोघं आपापल्या वाटेने चालू लागली. वहिनी आतून ओरडल्या, "भाऊजी, साडेतीनला मला हॉल रिकामा हवा!"

"झालंच वहिनी!"

"हे तुम्ही दोनपासून सांगताय."

शेवटी नीट लावलं. कॉम्प्युटर सांगणार, लॅपटॉप ऐकणार. तीन वीसला प्ले दाबलं. माझं संगीत सुरू झालं आणि टीव्ही काळा. संगीत दोन मिनिटांत संपलं, टीव्ही काळाच. मी वायर हलवली, फुंकर मारली, हात जोडले. काळा. तेवढ्यात वहिनी झाडू घेऊन हॉलमध्ये आल्या.

"अहो, हे काय पसरलंय? बाई चारला येतायत!"

मी कॉम्प्युटरचा नुसता स्क्रीन बंद केला, सगळं टेबलाखाली ढकललं आणि वरून चादर सोडली. टीव्ही काळा होता, म्हणजे बंदच आहे असं धरून चाललो. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मला कुणीच सांगितली नव्हती. गाणं संपलं तरी संगीताचं सॉफ्टवेअर थांबत नाही. पुढच्या रिकाम्या पट्टीवर त्याचा काटा चालतच राहतो. आणि चादरीखाली तो चालत होता.

मेट्रनबाई चारच्या ठोक्याला आल्या. उंच बाई, पांढरी पर्स, चष्मा साखळीला लटकवलेला. त्यांनी ओटा बघितला, सिंक बघितलं, डब्यांची झाकणं उघडून आत नाक घातलं. फ्रिजमागच्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघून मान डोलावली. वहिनींनी श्वास सोडला तो मला हॉलमध्ये ऐकू आला. मग बाई सोफ्यावर बसल्या, चहात स्वतःच्या हाताने दोन चमचे साखर घातली, फॉर्म मांडीवर घेतला आणि पेनचं टोपण काढलं.

चार वाजून वीस मिनिटं झाली आणि टीव्ही उजळला.

"आत्ता, या क्षणी," फवारेकाकांचा आवाज टीव्हीच्या दोन्ही स्पीकरांतून घुमला, "तुमच्या स्वयंपाकघरात किती झुरळं आहेत?"

पडद्यावर आमचं स्वयंपाकघर. तीच पिवळी टाइल, तोच पोचा आलेला कुकर, आणि ओट्यावरून रांगेने झुरळं. एकेक झुरळ पाटाएवढं.

मी टेबलाखाली सूर मारला. चादरीत डोकं अडकलं. हाताला लागेल ते बटण दाबलं, तर काटा मागे गेला आणि त्याच्यामागे फिल्मही. झुरळं उलटी चालत भिंतीवर चढली. दुसरं दाबलं, परत उतरली. मी जिथे जाईन तिथे ती इमानदारीने माझ्या मागे येत होती. दुपारभर न जुळलेलं आता असं जुळलं होतं की बोलायची सोय नाही. शेवटी स्पेसबार सापडला आणि सगळं थांबलं. थांबलं म्हणजे चित्र होतं तिथेच गोठलं. पडद्यावर एक अवाढव्य झुरळ डब्यावर बसलेलं, आणि डब्यावर वहिनींच्या अक्षरात चिठ्ठी : साखर.

मेट्रनबाईंनी कप खाली ठेवला.

टेबलाखाली मी स्क्रीन लावून बघितला. काटा एक तास, शून्य मिनिटं, एक्केचाळीस सेकंदांवर उभा. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फिल्मवाले फिल्मचं घड्याळ शून्यापासून लावत नाहीत, एक तासापासून लावतात. लॅपटॉप बिचारा तासभर वाट बघत बसला होता. त्याची काहीच चूक नव्हती. (त्या खोलीत चूक नसलेला तो एकटाच.)

"हा डबा मी आत्ताच पाहिला," बाई म्हणाल्या.

"भाऊजी, बाहेर या," वहिनी म्हणाल्या. इतक्या हळू आवाजात की मी आणखी आत सरकलो.

बाहेर आलो. तोंड उघडलं. "ती... रबराची आहेत."

"दाखवा," बाई म्हणाल्या.

"ती फवारेकाकांकडे आहेत. काका परगावी औषध मारायला गेलेत. उद्या येतील."

"म्हणजे झुरळं काकांबरोबर गेली?" बाईंनी पेनला टोपण घातलं. वहिनी त्या टोपणाकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा बघून मला एकदम आठवलं.

"बारावं इथेच आहे!"

"काय?" वहिनी किंचाळल्या.

"एक हरवलंय. स्वयंपाकघरातच. ते सापडलं तर..."

मग आम्ही दोघं ओट्याखाली शिरलो. वहिनींनी कपाटं रिकामी केली, मी सिलिंडर सरकवला. सहा महिने ज्या बाईने घरात झुरळ नाही हे सिद्ध करायला जिवाचं रान केलं, ती आता गुडघ्यांवर बसून एका झुरळासाठी देवाला आळवत होती.

"शोधा भाऊजी, शोधा! एक तरी मिळू दे!"

"वहिनी, इतकं घासायला कुणी सांगितलं होतं? कुठे धूळसुद्धा नाही!"

"तुम्हाला नंतर बघते."

दारात मेट्रनबाई हाताची घडी घालून उभ्या. त्यांच्या मागून आईचा आवाज आला. आई दुपारभर आपल्या खोलीत पडून होती.

"अगं, झुरळ शोधताय का? रागावू नकोस हं, पण एक आहे माझ्याकडे."

सगळे तिच्याकडे वळले.

"पंधरा दिवसांपूर्वी मिक्सरच्या मागे दिसलं. म्हटलं, तू इतकी राबतेस, तुला कळलं तर जीव तुटेल. म्हणून गॅलरीत नेऊन वाटी पालथी घातली त्याच्यावर. रोज औषध मारते. मेलं का म्हणून वाटी उचलते, तर तसंच माझ्याकडे बघत बसलेलं! असलं चिवट झुरळ मी जन्मात पाहिलं नाही."

वहिनींनी भिंतीला हात टेकला. पंधरा दिवस मरत नसलेलं झुरळ घरात आहे, हे सासूने मेट्रनबाईंसमोर सांगितलं होतं. पण बाई गॅलरीत गेल्यासुद्धा. वाकल्या, वाटी उचलली, झुरळ दोन बोटांत धरून उताणं केलं, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पोटावरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली.

"तीन वर्षांखालील मुलांना खेळायला देऊ नये."



"तरीच!" आई म्हणाली. "औषधाला दाद देत नव्हतं."

मेट्रनबाईंच्या खांद्यांना आधी हसू आलं, मग चेहऱ्याला. त्यांनी तिथेच कठड्यावर फॉर्म ठेवला आणि सही केली. "सोमवारपासून पस्तीस डबे. आणि अहो, टेबलाखालचे, ती फिल्म जरा पुढे करा. शेवटी फोन नंबर असेल ना?"

मी फिल्म शेवटपर्यंत चालवली. त्यांनी नंबर टिपून घेतला. माझं संगीत तिकडे शून्याजवळ राहिलं होतं, तासभर मागे. याला संगीतही आहे बाई, असं सांगावं म्हणून मी दोनदा घसा साफ केला. बाईंनी मला पाणी प्यायला सांगितलं.

दार लागल्यावर वहिनी माझ्याशी काय बोलल्या ते लिहीत नाही. शुद्धलेखन जमणार नाही. संध्याकाळी मी काटा एक तासावर नेला, संगीत तिथून सुरू केलं, आणि झुरळाच्या पावलागणिक ढोलकीचा ठेका असा बसला की आईसुद्धा बघायला आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी फिल्म आणि झुरळ घेऊन फवारेकाकांकडे गेलो. त्यांनी आधी झुरळ घेतलं. पिशवीतली अकरा टेबलावर मांडली, हे शेजारी ठेवलं आणि मोजलं.

"बारा! शाबास रे. तू शब्दाचा पक्का." मग ते माझ्याजवळ सरकले. "आणि ऐक. काल दवाखान्यातून एका बाईंचा फोन आला. त्यांनी फिल्म पाहिली म्हणे. अंगावर काटा आला म्हणाल्या, अख्खा दवाखाना फवारून द्या म्हणाल्या. नुसत्या माझ्या आवाजावर! तेव्हा संगीत आता राहू दे. उगाच काटा जायचा. चालेल ना?"

मी म्हणालो, "बरं."

घरी आलो तेव्हा वहिनी पस्तीस डबे ओळीने मांडून त्यांची झाकणं तपासत होत्या. कालपासून पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.

"काय म्हणाले काका? आवडलं का?"

"खूश झाले," मी म्हणालो, आणि एक झाकण पुसायला घेतलं. "बारा भरली."