नीलाक्कांचा टाकळा

आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा नीलाक्कांनी ना चहा घेतला ना पाणी. फाटकातून आत आल्या, माझ्या लॉनवर उकिडव्या बसल्या आणि एका हिरव्या काडीला म्हणाल्या, "काय पावणं, कवा आलासा?"

मी दारात उभा. माझ्यामागं बायको, आमची मंगल, हातात कपबशी. शिरोलीला माझं छोटं मशिनशॉप आहे. दिवसभर लोखंडाचा कीस आणि ऑइलचा वास. घरी आल्यावर डोळ्यांना जरा गार वाटावं म्हणून ते लॉन मी हौसेनं करून घेतलेलं. त्यात ही बाई कुणाला पावणं म्हणतेय, मला कळेना.

"तण हाय व्हय? काढून टाकतो की," मी म्हटलं.

"नाव काय ह्याचं?"

"नाव कशाला पायजे? उपटायचं."

आक्कांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "पावण्याला आधी नाव इचारावं, चेअरमन. मग हाकलावं. ह्यो लव्हाळा. उपटलासा की वरनं तुटतोय, खाली गाठी तशाच. एक घालवाल आन चार बोलावून घ्याल."

मी कळंब्याच्या आमच्या कॉलनीचा चेअरमन. मला असं कुणी सांगितलं की मी मुद्दाम उलटं करतो. त्याच संध्याकाळी लव्हाळा उपटला. पंधरवड्यात निम्म्या लॉनवर लव्हाळा! शेजारच्या भिंतीवरून आक्का रोज बघायच्या, एक अक्षर बोलायच्या नाहीत. त्याचा मला जास्त राग यायचा.

नीलाक्का म्हणजे डॉक्टर नीलावती. माणसांच्या नव्हे, तणांच्या. गडहिंग्लजकडच्या, कानडी मुलखाला लागून, म्हणून आक्का. सगळी नोकरी कृषी महाविद्यालयात तण शिकवण्यात गेली. आमच्याकडं तण म्हटलं की बायका खुरपं घेऊन भांगलायला जातात, विषय संपला. त्यावर कुणी डॉक्टरकी करतं आणि सरकार त्याला पगार देतं, हे ऐकून मी त्यांच्या तोंडावर खो खो हसलो होतो. त्या म्हणाल्या, "हसा. पगार बंद झाला, आता पेन्शन चालू हाय."

लग्न केलं नाही. का, म्हणून कॉलनीतल्या एका बाईनं विचारलं, तर "टाइम न्हाय गावला, तण वाढत हुतं" एवढंच उत्तर. वर्गात पहिल्या दिवशी त्या पोरांना विचारायच्या, तण म्हणजे काय? हुशार पोरगं सांगायचं, नको तिथं उगवलेलं झाड. की आक्का लगेच, "नको कुणाला?" वर्षभर मग तेच, नको कुणाला, नको कुणाला. पोरांनी मागं नाव ठेवलं होतं तणाक्का. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

म्हणून त्या तणाची पूजा करत बसायच्या असं समजू नका. हराळीवर अशा तुटून पडायच्या की बघवत नसे. त्यांचं भांडण होतं ते बिनडोक मारण्याशी. एकदा तणनाशकाच्या एका कंपनीनं दुकानदारांना हॉटेलात जेवण दिलं आणि आक्कांना दोन शब्द बोलायला बोलावलं. आक्का उठल्या. "औषध चांगलं हाय. पयल्या वर्षी सगळं मरतंय. दुसऱ्या वर्षी जे मरत न्हाय ते उरतंय. तिसऱ्या वर्षी तेवढंच उगवतंय. तण अभ्यास करतंय मंडळी, आन आपण जेवतोय." एवढं बोलून खाली बसल्या आणि वाढप्याला म्हणाल्या, "तांबडा रस्सा आण."

त्यानंतर त्यांची बढती बरीच वर्षं अडली. वाईट नाही वाटलं का, म्हणून मी विचारलं. "उंच खुर्ची गावली न्हाय, खरं हाय. पर मला बसायला वावर मोकळं हुतं की," म्हणाल्या.

आता मुद्द्यावर येतो. कॉलनीच्या मधोमध एक मोकळा प्लॉट आहे. नकाशात तिथं बाग आहे. प्रत्यक्षात तिथं गाजर गवत, छातीएवढं, पांढऱ्या फुलांचं. पाऊस ओसरायला लागला की आमच्या मंगलच्या शिंका सुरू व्हायच्या, शिंकांमागून दम. उशीला टेकून बसून राहायची बिचारी, बोलताही यायचं नाही. लेथवर काम करणारा माणूस मी, मला प्रत्येक बिघाडाचा नट कुठला ते शोधता येतं. इथं मात्र नुसतं तिची पाठ चोळत बसायचं. त्या गवताचा मला इतका संताप यायचा की काय सांगू! म्हणून त्या वर्षी मी ठरावच केला, की गणपतीच्या आधी प्लॉट फवारून साफ करायचा.

फवारायच्या दिवशी सकाळी पंपवाला महादू आला आणि तसाच परत माझ्याकडं पळत आला. "मालक, प्लॉटात आक्का बसल्यात."

जाऊन बघतो तर काय, गवताच्या मधोमध प्लॅस्टिकची खुर्ची, वर छत्री, खुर्चीत डॉक्टर नीलावती. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला टॉवेल. भांगलायला जाणाऱ्या बायकांचा असतो तसा अवतार.

"आक्का, उठा."

"उठत न्हाय."

"औषध अंगावर उडंल."

"उडू दे. मीबी कॉलनीत नको तिथंच उगवलोय."

महादूनं पंप खाली ठेवला. मी तापलो. मशीनच्या आवाजावर बोलून बोलून माझा आवाज मुळात मोठा, त्या दिवशी तो कळंबा तलावापर्यंत गेला असेल. "तिकडं माझ्या बायकोला दम लागतोय आन तुम्ही हितं तणाची राखण करतासा? लाज न्हाय वाटत?"

"मंगलचा दम मलाबी ऐकू येतोय," आक्का म्हणाल्या. "आपली भिंत एकच हाय." मग उठल्या, माझं मनगट धरलं आणि मला चक्क गवतात खाली बसवलं. "ह्याचं नाव?"

"गाजर गवत."

"आन ह्याचं?"

"...गवत."

"टाकळा हाय त्यो. मी पेरलाय."

संध्याकाळी फिरायला निघाल्यावर आक्का पर्समधून मूठभर काहीतरी काढून प्लॉटात भिरकावायच्या. आम्ही समजायचो, पाखरांना दाणे टाकतायत. तर हे टाकळ्याचं बी होतं!

"गाजर गवताला रिकामी जागा लागती," त्या म्हणाल्या. "तुम्ही औषध मारतासा म्हंजी त्याला जागा सारवून देतासा. रिकामं घर दिसलं की कोणबी घुसतंय. टाकळा आधी शिरला की ह्याला दार बंद. निम्मा प्लॉट टाकळ्यानं धरलाय. आज फवारलासा तर त्योबी मरंल, आन पुढच्या पावसात सगळं गाजर गवत. एक वर्ष द्या. पुढच्या गौरीला हितं ह्याचं एक फूल दिसलं तर पंप माझ्या पाठीवर द्या. मी फवारतो. आन परत जन्मात तणाचं नाव काढत न्हाय."

गर्दी जमली होती. आख्खी जिंदगी ज्या विषयावर घातली तोच विषय बाई पैजेवर लावत होती, हे मला रागाच्या भरातही कळलं. मागून मंगल नाकाला पदर लावून म्हणाली, "द्या की वो एक वर्ष. एवढी वर्षं मी शिंकलोच हाय की." बायकोच फितूर झाल्यावर चेअरमन काय करणार?

मग ते वर्ष. आक्का रोज सकाळी रबरी मोजे चढवून प्लॉटात, गाजर गवत फुलायच्या आत मुळासकट उपटायला. एकदा मी वाटेत दिसलेलं एक रोप सहज उपटायला वाकलो, तर माझ्या हातावर फाटदिशी चापट बसली. "हात झाका आधी!" असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मी चिडलो, चार दिवस बोललो नाही. हिवाळ्यात त्यांनी टाकळ्याच्या शेंगा जमवल्या, उन्हाळ्यात बी पेरलं. कॉलनीत चेष्टा सुरू, "पेन्शनीत बाई तण पेरतीय." आक्का पेरतच राहिल्या.

पावसाच्या सुरुवातीला कोवळा पाला खुडून घरोघर दिला. टाकळ्याची भाजी मला आधी उग्र लागली. मग मंगलनं लसूण आणि भिजवलेली डाळ घातली, तेव्हा मी एक भाकरी जास्त मागितली. भाजी बरी झालीय असं मात्र म्हटलं नाही.

हरायला मला आवडत नाही. भाद्रपद लागला तसा मी रोज प्लॉटाला फेऱ्या मारायला लागलो. कमरेएवढा टाकळा, त्यावर पिवळी फुलं. गाजर गवत दिसेना. शेवटी गटाराच्या कडेला एक सापडलं! मी हातरुमालात धरून उपटलं आणि पळत गेलो. "आक्का, सापडलं!"

त्यांनी चष्मा लावून बघितलं. "फुललंय?"

फुललं नव्हतं.

"मग त्ये अजून इचार करतंय," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

खरं सांगायचं तर मी तोवर हरलो होतो आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. पलीकडच्या रिकाम्या जागेतल्या गाजर गवतावरून वारा यायचाच, त्यामुळं मंगलला शिंका आल्या. पण दम लागला नाही. ती गौरीची भांडी घासताना गाणं म्हणत होती आणि मी उगाच पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन ऐकत होतो.

गौरी आणायच्या दिवशी सगळ्या बायका प्लॉटात. आघाडा पाहिजे, हराळी पाहिजे, ओल धरलेल्या बाजूला तेरडा आलेला तो पाहिजे. आक्का शर्ट घालून मधे उभ्या. "वर्षभर शिव्या घालतासा आन आज डोक्यावर घेतासा व्हय? हळू खुडा!"

मंगल त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आक्का, औंदा आमची गौर तुम्ही आणायची."

"मी? मी कशी? सवाष्ण लागती."

"न्हाईतर कुमारिका चालती. आन ह्या कॉलनीत तुमच्याएवढी सीनियर कुमारिका दुसरी कोण हाय?"

बायका फुटल्या हसून. आता आक्का काय तोंडावर मारतात म्हणून मी कान टवकारले. आक्का शर्टाला हात पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "शर्ट बदलून येतो."

इरकल नेसून आल्या. कॉलनीच्या बोअरवर पूजा झाली. तेरडा-आघाड्याची जुडी छातीशी धरून आक्का आमच्या उंबऱ्याशी थांबल्या. मंगलनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्यांच्या पायांवर पाणी घातलं, दूध घातलं. आतून विचारायचं असतं. मंगलचे हात गुंतलेले, म्हणून तिनं मला खुणावलं.

"कोण आलंय?" मी विचारलं.

गौराई आली, सोन्याच्या पावलांनी आली, असं म्हणायचं असतं. आक्का आपल्या ओल्या पायांकडं बघत होत्या.

"माझी आई भांगलायला जायची," त्या हळू म्हणाल्या, मंगलला. "गाजर गवतानं तिचे हात सोलून निघाले हुते. गावातल्या बायका म्हणायच्या, हिचं आपल्याला लागंल. गौरीचा आघाडा, तेरडा समदा तीच खुडून आणायची, आन तिला दारातच उभी करायचे. आत कवा घेतलं न्हाय. लागणारं नव्हतं गं त्ये. नुसतं गवत हुतं. कुणी नावच इचारलं न्हाय त्याचं."

मंगलच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तिचे डोळे भरून आले होते आणि माझेही, कशाला खोटं बोलू? माझ्या हातावर बसलेली ती चापट मला आठवली. कुणीतरी काही बोलायला पाहिजे होतं आणि विचारायचं काम माझं होतं.

"कोण आलंय?" मी पुन्हा विचारलं. या वेळी आवाज मोठा निघेना.

आक्कांनी मान वर केली. जुडी नीट धरली. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा तसा आवाज लावला.

"गौराई आलीया. आन तिच्यासंगट माझी आईबी आलीया. सरका बाजूला, चेअरमन."

मी सरकलो.