पसाऱ्याची छाटणी

छाटलेल्या द्राक्षकाडीच्या टोकाला पाण्याचा एक थेंब जमून खाली पडायला बेचाळीस सेकंद लागतात. मी घड्याळ लावून मोजलं आहे. खरं तर त्या वेळी मी तिथून पळून जायला हवं होतं. पण घाबरले की मी मोजते.

मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. गंगापूर रोडला आमचं कलासंग्रहालय आणि बाग आहे. तिथे सहा महिन्यांची बिनपगारी इंटर्न म्हणून रुजू झाले तेव्हा मला खात्री होती, की मी शिकायला नाही, शिकवायला आले आहे. आवारात बाराशे झाडं आणि एकही सूक्ष्मदर्शक नाही! आनंदाने मला पहिल्या रात्री झोप लागली नाही.

पहिल्या दिवशी मात्र शिकवलं गेलं ते मलाच. आवारातली प्रत्येक वस्तू दोनपैकी एका नोंदवहीत असते, कलेच्या किंवा बागेच्या. बागेच्या वस्तूला पाणी घालायचं, कलेच्या वस्तूला हात लावायचा नाही. कडुनिंबाखाली दोन दगडी बाक आहेत, जुळ्या भावांसारखे. डावा बागेचा, उजवा कलेचा. लोक उजव्यावर बसून डबा खातात आणि डाव्याचे फोटो काढतात.

दोन्ही वह्यांत नसलेली एकच गोष्ट होती. तिचं नाव ‘पसारा’. आशाताई नावाच्या शिल्पकार बाईंनी सहा वर्षांपूर्वी एक लोखंडी सांगाडा उभा केला, त्याच्या पायाशी द्राक्षाची वेल लावली आणि तिला हवी तशी वाढू दिली. पाटीवर साहित्य लिहिलं होतं : लोखंड, वेल आणि वेळ. आता ही कला की बाग? कलाविभागाचे दीपक सर म्हणत कला. मुख्य माळी पुंजाराममामा म्हणत बाग. फाइल संचालिका प्रतिभा मॅडमकडे. मॅडम फार सज्जन बाई. चहा की कॉफी हे त्यांना ठरवता येत नाही, म्हणून कॅन्टीनवाला दोन्ही आणून ठेवतो. फाइलवर दर वर्षी त्यांच्या सुवाच्य अक्षरात एक शब्द वाढायचा : ‘बघू’.

मामा द्राक्षबागांच्या निफाडकडचे. सहा वर्षं ते त्या वेलीसमोरून मान फिरवून जात, शेजाऱ्याच्या घरातलं भांडण ऐकू आल्यासारखे.

“ताई, असली वेल आमच्या गावात दिसली असती ना, तर त्या मालकाच्या पोराला कुणी पोरगी दिली नसती.”

“पण मामा, ती कलाकृती असेल तर?”

“असंल. पण तिला भुरी झालीय त्याचं काय? कलाकृतीला ताप आला तर डाक्टर बोलवायचा का नाय?”

मी भिंग लावून पाहिलं. पानांवर खरोखरच भुरीची पांढरी बुरशी होती, पिठाची गिरणी शेजारी असावी इतकी. मी तीन पानी अहवाल लिहिला, दोन आलेखांसह. मॅडमनी त्यावर लिहिलं, ‘बघू’. ऑक्टोबर उजाडला. शेवटी एका सोमवारी, संग्रहालय बंद असताना, मी शास्त्राला स्मरून म्हणाले, “मामा, दोन-तीन काड्या काढा. फक्त रोगट.” आणि आत चित्रांच्या पाट्या चिकटवायला गेले.

‘दोन-तीन काड्या’ हे प्रमाण निफाडमध्ये अस्तित्वातच नाही, हे मला कुठल्याही पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं. तिकडे ऑक्टोबरात कात्री लागली की बाग एका दमात संपवायची, आणि त्याला टोळी लागते. मामांनी फोन करून टोळी बोलावली : त्यांची बायको नवसाबाई आणि तिच्या पाच जावा. या सहाजणी जेवणाआधी एकर उरकतात. टोळी आली तेव्हा मी चौथ्या पाटीला गोंद लावत होते. पाचवी लावून बाहेर आले तेव्हा ‘पसारा’ उरला नव्हता.

लोखंडावर हाताच्या बोटांसारखी चार-दोन खोडं, त्यांवर आखूड काड्या, आणि काडीवरच्या प्रत्येक डोळ्याला, म्हणजे कोंब फुटायच्या जागेला, लालभडक औषध. डोळे लवकर फुटावेत म्हणून लावतात ते. कुठल्याला लावलं, कुठला राहिला ते कळावं म्हणून त्यात रंग घालतात. सहा वर्षांची गंभीर कलाकृती हळदीकुंकवाला जाऊन आल्यासारखी दिसत होती. बाजूला काड्यांची मोळी, तीही सुरेख बांधलेली.

“कशी झाली?” नवसाबाईंनी रबरी मोजे काढत विचारलं. “खताचं बी सांगून ठेवते यांना.”

तेवढ्यात दीपक सर आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. दृश्य तेच राहिलं.

“हे काय आहे?”

“छाटणी,” मामा अभिमानाने म्हणाले. “लय राहिली होती सर.”

मी तेव्हाच पहिला थेंब मोजायला घेतला.

नियम साधा होता : कलाकृतीचं नुकसान करणारा कर्मचारी कामावरून कमी. ज्या मामांनी या माळावर पहिलं झाड लावलं, त्यांचीच नोकरी आता एका प्रश्नावर लटकली. वेल कलेची असेल तर ते गुन्हेगार, बागेची असेल तर कामसू.

“सर, मीच सांगितलं होतं त्यांना,” मी म्हणाले.

“इंटर्नने सांगितलेलं धरत नाहीत.”

म्हणजे माझा गुन्हासुद्धा विनावेतन होता. मी काड्या उचलायला गेले, तर सर म्हणाले, “ठेव. पुरावा आहे.” मग मी त्या नुसत्या मोजल्या. दोनशे चौदा.

आशाताई दहा दिवसांनी यायच्या होत्या. ते दहा दिवस विलक्षण गेले. एरवी त्या कोपऱ्यात कोणी थांबत नसे. आता सहलीला आलेले पिंपळगावचे, दिंडोरीचे द्राक्षवाले वेलीभोवती गोल करून उभे राहू लागले.

“डोळे कमी ठेवले.”

“कमी काय? बरोबर हायेत. हात बघा ना, कसा एकसारखा.”

“ओ ताई, कलाकार कोण हिचा?”

“नवसाबाई,” मी म्हणाले. खोटं नव्हतं.

एक गृहस्थ तर भिंतीवरच्या चित्रांना पाठ करून तासभर तिथेच वाद घालत होते. आणि आठव्या दिवशी पहिला डोळा फुटला! कापसासारखा, गुलाबी टोकाचा. मी रोज सकाळी धावत जाऊन फुटलेले डोळे टिपून ठेवत होते. सूक्ष्मदर्शकाची मला आठवणही राहिली नव्हती. मामा मात्र येत नव्हते. ते लांबून विचारत, “ताई, फुटली का?” आणि मान फिरवत.

गुरुवारी आशाताई आल्या. खांद्याला पिशवी, पायात स्लीपर. वेलीला तीन चकरा मारल्या. दीपक सर आणि मॅडम त्यांच्या मागोमाग फिरले, मामांनी टोपी हातात घेतली.

“मला कशाला बोलावलंत?” त्या म्हणाल्या.

“तुमच्या कलाकृतीचं...” सर अडखळले.

“माझी कशी? लावून झाल्यावर तुमची झाली. मी तेव्हाच पत्र लिहून विचारलं होतं, हिला कला म्हणून सांभाळणार की बाग म्हणून. उत्तर आलंच नाही.”

सगळे मॅडमकडे वळले. मॅडम वेलीकडे बघू लागल्या.

“मॅडम,” मामा हळूच म्हणाले, “मी राहू का जाऊ, तेवढं सांगा. हंगाम चालू हाय तवर टोळीत तरी काम मिळंल.”

मॅडम माझ्याकडे वळल्या. “तेजस्विनी, तुझं शास्त्र काय म्हणतं?”

मी वही उघडली. “आजपर्यंत एकशे एकतीस डोळे फुटलेत, मॅडम. मागच्या वर्षी या दिवसांत भुरीने निम्मी पानं गळाली होती. दीपक सरांनीच काढलेला फोटो आहे.”

दीपक सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी वही मिटली.

मॅडमनी श्वास घेतला. ‘बघू’ म्हणायच्या आधी त्या असाच श्वास घेतात, हे आवारातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मामांनी डोळे मिटले.

“वेल बागेची,” मॅडम म्हणाल्या.

त्यांचा त्यांनाच धक्का बसलेला दिसला. दीपक सरांनी तोंड उघडलं. पण मॅडमना आता सापडलेली वाट सोडायची नव्हती.

“आणि छाटलेल्या काड्या कलेच्या. दोनशे चौदा आहेत ना, तेजस्विनी? प्रत्येकीची वेगळी नोंद कर.”